वी म्हणजे कोण

फोंड्याला, औषधांच्या दुकानावरच्या खोलीत
सोमवार ते गुरुवार, संध्याकाळी साडेसहाला
मी सर्वनामं शिकवते.
खाली कुणीतरी खोकल्याचं औषध मागत असतं,
वर पिएदाद फर्नांडिस वहीत आय, आय, आय गिरवते.
पुढच्या महिन्यात ती चाललीय पोर्ट्समथला,
कुणा अनोळखी म्हातारीला न्हाऊ-माखू घालायला.
आय नेहमी कॅपिटल, मी सांगते,
वाक्याच्या पोटात आला तरी.
"पोफळीसारको," ती म्हणते, "उबो आनी एकलो."
माझ्यापेक्षा बरं शिकवते.

वासंती गावडे नवऱ्याबद्दल लिहिते :
दे इज ड्रायव्हर. दे इज व्हेरी अँग्री.
लाल शाईनं मी दे खोडते, वर ही लिहिते.
ती वहीवर हात ठेवते.
"अरेतुरे कशें करूं, टीचर?
आनी ‘ही’ म्हळ्यार बायल न्हय?"
वर्ग हसतो. सगळ्यांत मोठ्यानं गोकुळदास टॅक्सीवाला,
ज्याचं एका यूवर भागतं :
चार्टरचा गोरा असो, आरटीओचा साहेब असो, यू.
एवढी बरोबरी फुकट मिळते, म्हणतो,
तर बाकीची कशाला शिकायची?

शेवटच्या बसनं सावईवेऱ्याला पोचले
तेव्हा रघुवीरचा मेसेज आला होता.
भाऊ माझा. एकोणीस वर्षं स्विंडनला.
वी हॅव डिसायडेड टू सेल इट.
यू विल हॅव टू साइन.

यू समजला. सही माझी.
पण हा वी?

घरच्या कोकणीत आमी एकच होता,
त्यात कोण कोण, ते जेवायला मांडलेल्या पाटांवर दिसायचं.
मग मराठी शाळेत दोघांनी दोन शिकलो.
आम्ही आंबे काढले, म्हणजे तू नव्हतास.
आपण आंबे काढू, म्हणजे चल, पिशवी घे.
मधे एक कुंपण,
आणि आपण कुठल्या बाजूला ते
पहिलीतल्या पोराच्याही कानाला कळायचं.
इंग्रजीनं कुंपण उपटून टाकलं.
वाटलं होतं, किती मोकळं झालं.
आता मोजणीवाला येईल तेव्हा कळेल.

इट म्हणजे कुळागर.
चारशे पोफळी, त्यांना बिलगलेली मिरी,
जायफळाची सात झाडं, एक कधीच न धरणारं.
कोकणीत कुळागर ‘तें’.
बिनलग्नाची मुलगीही ‘तें’.
"ताका उदक दिलें?"
आई रांधणीतून ओरडायची,
आणि बाबा खोरं टेकवून मुद्दाम विचारायचे,
"कोणाक? चेडवाक काय कुळागराक?"
मला त्रेपन्नावं लागलंय.
शेजारच्या सत्यभामामावशी अजून म्हणतात,
पळय, तें आयलें शाळेंतल्यान.

मेसेज पुन्हा वाचला.
मी स्वतःला वीमध्ये शोधत बसले होते.
वाक्याच्या शेवटी बघायला हवं होतं.

हू इज वी, मी टाइप केलं.
लगेच आतली बाई टेबलावर पट्टी आपटून उठली :
इज नव्हे. आर.
दुरुस्त केलं. हू आर वी.
मला हे विचारायचं नव्हतं.
पण व्याकरण बिनचूक होतं, पाठवून दिलं.

स्विंडनला तेव्हा चार वाजले असतील.
दोन निळ्या खुणा आल्या.
टायपिंग, असं दिसलं. थांबलं. पुन्हा दिसलं.
आज पाण्याची पाळी आमची होती.
आमची,
किंवा आपली.
फोन उंबऱ्यावर पालथा ठेवला,
टॉर्च घेतला
आणि पाटाचं तोंड उघडायला गेले.